घडी न मोडलेला नॅपकिन

घडीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारणारं घरात कोणी उरलं नव्हतं, आणि दुकानाच्या पायरीशी येणाऱ्यांना नावाशी काय देणंघेणं? हातात येईल त्याची घडी घालायची ही त्यांची खोड. वर्तमानपत्र वाचून झालं की घडी, पावाचा कागद रिकामा झाला की घडी, बसचं तिकीट तर उतरेपर्यंत नखाएवढं करून टाकायचे. एकदा डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी दिली, ती मास्तरांनी इतकी बारीक दुमडून ठेवली की औषधवाल्यानं उलगडेपर्यंत खोकलाच थांबला, असं लोक सांगत. लोकांचं काय, सुतावरून स्वर्ग गाठतात. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

चौकातून आत वळलं की डाव्या हाताला त्यांची लाँड्री. पुढे फळीचं काउंटर, मग पडदा, आणि पडद्यामागे खरं राज्य: धुण्याची दोन मशीनं, त्यातलं एक म्हातारं आणि रडकं, डागांसाठी सिमेंटचा हौद, भिंतीला लागून, दोन माणसं आडवी झोपतील एवढं लांब इस्त्रीचं टेबल. वर गच्चीत दोऱ्या. मास्तरांनी उभं आयुष्य त्या पडद्यामागे काढलं. पुढे काउंटरवर बायको असायची. बोलण्याचं खातं तिचं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या सासूची चौकशी करणार, बटण तुटलेलं निघालं तर "हे आमच्याकडचं नाही हं, घरात कोणाशी भांडलात?" म्हणत हसत हसत त्याच्याच गळ्यात घालणार. मास्तरांनी आतून फक्त वाफ सोडायची.

मग ती गेली. पडद्यामागचा माणूस एका दिवसात पडद्यापुढे आला आणि त्याला कळेना, बोलायचं काय! गिऱ्हाईक सवयीनं काउंटरवर कोपर टेकून उभं राहायचं, दोन शब्द होतील म्हणून. मास्तर शर्ट मोजायचे, "परवा या" म्हणायचे, आणि गप्प. हळूहळू लोक कपडे टाकून पळायला लागले. दुकान चालू होतं, पण दुकानात कोणी थांबेना. संध्याकाळी शटर ओढलं की सकाळी ते वर करेपर्यंत मास्तरांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. जेवण इस्त्रीच्या टेबलावरच, उभ्या उभ्या. एक तर तिथं उजेड चांगला, दुसरं म्हणजे टेबल बराच वेळ गरम राहायचं. तळवा टेकवला की कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं.

त्यांना त्यातून ओढून बाहेर काढलं ते बागेतल्या हॉटेलनं.

गावापासून बसनं अर्ध्या तासावर, शेतं सुरू होतात तिथं, कोणा मालकानं आपल्या जुन्या फळबागेत टेबलं मांडली होती. गोठ्याचं स्वयंपाकघर केलेलं, वर झाडांची सावली, खाली खडी, टेबलांमधून कोंबड्या फिरणाऱ्या. शहरातली माणसं सुटीच्या दिवशी गाड्या काढून तिथं जेवायला जायची. त्या हॉटेलचे टेबलक्लॉथ आणि नॅपकिन धुवायचं काम मास्तरांकडे आलं. तिथल्या मॅनेजरची पद्धत अशी, की टेबल उठलं की नॅपकिन आतच टाकायचे, टेबलक्लॉथ चारी कडांनी उचलायचा आणि गाठ मारायची. एका टेबलाचं एक बोचकं. सोमवारी सकाळी अशी बोचकी पोत्यात भरून यायची, आणि मास्तर हौदापाशी बसून एकेक गाठ सोडायचे. गाठ सुटली की समोर अख्खं जेवण पसरायचं. कोणी काय खाल्लं, कुठं हात पुसले, कोणाचं मूल टेबलाखाली शिरलं होतं, सगळं कापडावर लिहिलेलं.

आणि एक दिवस, काउंटरवर कोपर टेकलेल्या कोणाला तरी मास्तर सहज म्हणाले, "काल बागेत एक नवरा-बायको भांडली बघा." "तुम्ही होता?" "छे! नॅपकिन सांगतोय. पिळून पिळून दोरखंड केलाय त्याचा." तो माणूस हसला, थांबला, आणखी विचारत राहिला. झालं. मास्तरांना गोष्ट सापडली. तेव्हापासून सोमवारी आणि मंगळवारी दुकानात चार माणसं हटकून रेंगाळायची. "मास्तर, बागेत काय खबर?" घरात बोलायला भिंती आणि दुकानात हा दरबार.

सगळ्यात गाजलेली गोष्ट होती गोल टेबलाची.

त्या बागेत सगळी टेबलं चौकोनी, एकच गोल. अंजिराच्या झाडाखालचं. त्यामुळे त्याचा कपडा पोत्यात हात घालताच कळायचा. आणि रविवारचं त्याचं बोचकं कायम सारखं निघायचं: एका बाजूला बिटाचे लाल थेंब, पावाचा चुरा, आणि दुसरी बाजू कोरी करकरीत. आत दोन नॅपकिन. एक वापरलेला; दुसऱ्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. मास्तरांनी घातलेली घडी जशी गेली तशी मास्तरांकडे परत. "एकबाजूवाला" असं त्यांनी त्या माणसाला नाव ठेवलं होतं. दर रविवारी येतो, दोघांचं मांडायला सांगतो, आणि दुसरं कोणी येत नाही. दरबारात या एकबाजूवाल्याचे हाल कुत्रा खात नव्हता. मास्तर त्याची नक्कल करायचे, घड्याळ बघायचे, रिकाम्या खुर्चीला पाव पुढे करायचे. लोक पोट धरधरून हसायचे.

तर अशा या मास्तरांच्या मागे त्यांची ताई लागली.

ताई त्यांच्यापेक्षा मोठी, दुसऱ्या गावात राहणारी, आणि फोनवर सुरुवातच भांडणानं करणारी. या खेपेला ती फोनवर न थांबता थेट दुकानात आली. इस्त्रीच्या टेबलावर ताट, वाटी आणि खाली पसरलेला जुना पंचा बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"इथं जेवतोस?"

"उजेड बरा आहे."

"गुरंसुद्धा बसून खातात रे."

"गुरं उभीच खातात, ताई."

"मला शिकवू नकोस." तिनं पंचा उचलला, झटकला, परत पसरला. मग आवाज खाली आणला. "एक बाई आहेत. ह्यांच्या ओळखीतल्या. इस्पितळात टेलिफोनवर होत्या, आता रिटायर झाल्यात. लग्न केलं नाही, आईचं करत राहिल्या. आई गेली. तुझ्यासारख्याच आहेत, फक्त बोलतात."

"ताई, या वयात स्थळं बघत फिरू? लोक काय म्हणतील?"

"लोक तुझं ताट इस्त्रीच्या टेबलावरून उचलायला येणार आहेत का? आणि स्थळ कोण म्हणतंय? जेवायला जा. बोला. पटलं तर पुढचं पुढे, नाही पटलं तर जेवण तरी पोटात. रविवारी दुपारी. जागा बाईंनीच सांगितली आहे, ते बागेतलं हॉटेल."

"तिथले कपडे मी धुतो!"

"मग? शिंपी कपडे घालत नाही?"

ताई गेल्यावर मास्तरांनी ताट धुतलं, आणि खूप दिवसांनी आरशात नीट पाहिलं. मनात हळूच एक विचार डोकावून गेला. संध्याकाळी शटर ओढल्यावर "आज पाणी वेळेवर आलं" एवढंच सांगायला जरी कोणी असलं तरी पुरे. बाकी संसार वगैरे मोठे शब्द. समोर एक माणूस, आणि पाणी आलं की नाही ते. त्यासाठी त्यांनी शर्टाला इतकी कडक खळ दिली की रविवारी बसमध्ये मान वळवायची तर खांद्यासकट वळावं लागत होतं.

फाटकाशी मॅनेजरच भेटला. रविवारी माणसं कमी पडायची म्हणून तो स्वतः वाढायचा. मास्तरांना बघून तो चपापला.

"आज? कपडे उद्या ना, मास्तर?"

"जेवायला आलोय."

"जेवायला! या ना, या. मागून... म्हणजे, तसं नाही, पुढूनच या." कपड्यांसाठी मागच्या दारानं येणाऱ्या मास्तरांना बघायची इतक्या वर्षांची सवय मोडताना बिचाऱ्याला घाम फुटला. "किती जण?"

"एक बाई येणार आहेत. अंजिराखाली बसते, असा निरोप आहे त्यांचा."

मॅनेजरच्या भुवया वर गेल्या. मग तो तोंडभर हसला. "असं होय! चला, चला." आणि त्यानं मास्तरांना जवळजवळ मिरवत नेलं. मास्तरांना वाटलं, धंद्यातली ओळख म्हणून मान देतोय.

बाई आधीच येऊन बसल्या होत्या. पिकलेले आखूड केस, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, फिकट पिवळा सुती ड्रेस. पण मास्तरांना आधी भेटला तो त्यांचा आवाज. "या, बसा. बस वेळेवर मिळाली?" एवढंच म्हणाल्या, पण शब्द असे स्वच्छ, जसे दोनदा खंगाळून काढलेले. मास्तर म्हणाले, "मिळाली." आणि बसले. बसता बसता त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. गोल टेबल! त्यांचाच कपडा, त्यांच्याच हातच्या घड्या. मास्तरांना एकदम धीर आला. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा.

सुरुवात बाईंनीच केली. टेलिफोनवरचे किस्से सांगितले, पण सगळे स्वतःवरचे. आवाजामुळे भाजीवाल्याकडे नुसतं "कसे दिले?" म्हटलं तरी लोक मागे वळून बघतात. एकदा झोपेत बडबडल्या तर आई म्हणाली, "अगं, मला कुठं जोडतेस, मी इथंच आहे." मास्तर हसले. हसताना कॉलर टोचली.

"मग कानावर काय काय आलं असेल तुमच्या," ते म्हणाले. "इस्पितळ म्हणजे! कोण मेलं, कोण कोणाला भेटायला आलं नाही..."

"येतं कानावर," बाई म्हणाल्या. "जातं."

"एखादी तरी गोष्ट सांगा की."

"ती त्यांची असते ना," बाई हसून म्हणाल्या, आणि पाव पुढे केला.

इथं शहाणा माणूस सावध झाला असता. पण मास्तरांच्या डोक्यात दुसरंच चालू होतं: आता आपली पाळी. गप्प बसलो तर दुकानात झालं तेच होणार. माणूस उठून जाणार. आणि त्यांच्याकडे दुसरं होतं काय? आयुष्यात ना प्रवास, ना भानगड. होती ती एक पोतंभर गोष्ट, दर सोमवारी येणारी. त्यांनी गाठ सोडली.

आधी त्या लहान मुलीची गोष्ट सांगितली, जी चॉकलेटचे हात आईच्या नॅपकिनला न पुसता टेबलक्लॉथच्या खालच्या बाजूला पुसते. वरून बघावं तर कपडा स्वच्छ, उलटा केला की दहा बोटं. बाई हसल्या. मग त्या गृहस्थाची, जो जेवता जेवता बॉलपेननं कापडावर घराचा नकाशा काढतो. "दर खेपेला एक खोली वाढते. मागच्या महिन्यात बघतो तर जिना गायब!"

"अरेरे," बाई म्हणाल्या, "बांधकाम थांबलं असेल."

"किंवा बायकोचे गुडघे दुखत असतील!"

बाई मोकळेपणानं हसल्या. मागच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मास्तरांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यावर कोणी असं, काउंटर मध्ये न ठेवता, हसलं नव्हतं. त्यांना वाटलं, जमतंय. अहो, जमतंय हे! आणि जमतंय म्हणून त्यांनी आपला हुकमाचा पत्ता काढला.

"आणि तुम्ही बसलाय ना, याच टेबलावर," ते पुढे वाकले, "आमचा एकबाजूवाला बसतो."

"कोण?"

"अहो, आहे एक नमुना. दर रविवारी येतो. दोघांचं मांडायला सांगतो, बरं का, आणि येत कोणी नाही! दुसऱ्या नॅपकिनची घडीसुद्धा मोडत नाही. मी घातलेली घडी मलाच परत. आता मला सांगा, हा मॅनेजरला सांगत काय असेल? 'येतायत, येतायत, एवढ्यात पोचतील!'" त्यांनी घड्याळ बघितलं, मान उंच करून फाटकाकडे बघितलं, अगदी दुकानात बघायचे तसं. "आणि सूप आलं की समोरच्या खुर्चीला म्हणत असेल, 'घे गं, गार होईल!' मग खुर्ची रुसली की तिची समजूत काढत असेल. बिटाचे थेंब तेवढे याच्या बाजूला. म्हणजे बीट काही तो खुर्चीला देत नाही, तेवढा शहाणा आहे!"

बाई हसल्या नाहीत. पण थांबवलंही नाही. चमचा बशीत ठेवून शांतपणे ऐकत राहिल्या, टेलिफोनवर ऐकत असतील तशा. "आणि मग?" एवढंच म्हणाल्या. मास्तरांना वाटलं, रंगतंय. ते आणखी बोलले. म्हातारा असणार, म्हणाले. चक्रम असणार. कोणीतरी फसवलं असणार, आणि हा अजून वाटच बघतोय.

तेवढ्यात मॅनेजर आला. हातात बशी. बशीत बिटाचे काप, वर लिंबू. त्यानं ती बाईंपुढे ठेवली.

"तुमचं नेहमीचं, बाई. आज बीट गोड निघालंय." आणि मास्तरांकडे वळून, अगदी प्रेमानं म्हणाला, "बरं वाटलं हो मास्तर. ही खुर्ची भरलेली बघून फार बरं वाटलं."

तो गेला. एक कोंबडी टेबलाखालून निघाली, मास्तरांच्या बुटाला चोच मारून पुढे गेली. मास्तरांचं तोंड उघडंच होतं. त्यातून शब्द यायचे बंद झाले होते, पण मिटायचं कसं हे सुचत नव्हतं.

बाईंनी लिंबू पिळलं. "मला कोणी फसवलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज तसाच स्वच्छ. "मी कोणाची वाटही बघत नाही. पहिल्यांदा आले तेव्हा एकटीचंच मांडायला सांगितलं होतं. रविवार, गर्दी. एकटं माणूस दिसलं की हे लोक येतात, 'कोणी येणार आहे का?' विचारतात आणि समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला नेतात. त्यांचंही चूक नाही, त्यांना खुर्च्या लागतात. पण खुर्ची गेली ना, की जेवणारं माणूस उघडं पडतं. सगळ्या बागेला दिसतं. म्हणून मी दोघांचं सांगते. नॅपकिन पडलेला असला की खुर्चीला कोणी हात लावत नाही."

मास्तर म्हणाले, "मला वाटलं, कोणीतरी पुरुष असेल."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पुरुष असता तर चाललं असतं?"

"नाही. तसं नाही. मी..."

"कोणाकोणाला सांगितलीत ही गोष्ट?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "कोणाला नाही, आज तुम्हालाच" म्हटलं असतं तर बाईंनी कदाचित मानलंही असतं. पण मास्तरांना ते जमेना. आपल्या हातून शर्ट जळला तर ते गिऱ्हाइकापुढे भोकासकट धरायचे. तसंच त्यांनी हेही धरलं.

"दुकानात येतात त्यांना. सगळ्यांना."

"हसतात?"

मास्तरांनी मान हलवली.

बाईंनी बीट खाल्लं. सगळं खाल्लं, घाई न करता. अन्न टाकून उठायची त्यांची रीत नव्हती. मास्तरांच्या पुढचा मासा गार होत गेला. मग बाईंनी तोंड टिपलं, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही गोष्ट चांगली सांगता. मी निघते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. हा आवाज इस्पितळातला होता: संबंधित व्यक्ती जागेवर नाही, नंतर प्रयत्न करा.

मास्तर उठले, मॅनेजरला "आलोच" म्हणाले आणि फाटकाबाहेर धावले. त्यांच्या वयाला आणि त्या कॉलरला जमेल तेवढं.

बाई रस्त्याच्या कडेला, थांब्याच्या बाकावर बसल्या होत्या. समोर नांगरलेलं शेत, लांबवर एक ट्रॅक्टर. बसचा पत्ता नव्हता. मास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसले. सांगायचं पुष्कळ होतं. सांगायचं होतं की त्या गोल कपड्याची गाठ मी सगळ्यात शेवटी सोडतो. तो कोरा नॅपकिन हातात आला की दुकानात सांगतो ते एक आणि त्या वेळी वाटतं ते वेगळं. की मीही उभ्यानं जेवतो, टेबल गरम असतं तोवर. शब्द घशापर्यंत आले. बाहेर निघाले ते असे:

"तो कपडा मी हातानं धुतो. मशीनमध्ये नाही टाकत."

बाईंनी पाहिलं. "का?"

"गोल आहे," मास्तर म्हणाले. "मशीनमध्ये ताणला जातो."

हेही खरंच होतं. पण हे नव्हतं सांगायचं. बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसू होतं की कीव, मास्तरांना कळलं नाही. ट्रॅक्टर शेताच्या टोकाला जाऊन वळला.

"मी दर रविवारी येते," बाई म्हणाल्या. "येतच राहणार. तुमच्या गोष्टीपायी मी काही जागा सोडणार नाही."

"नका सोडू."

"तुम्हालाही यायचं असेल तर या. बाग काही माझ्या बापाची नाही." लांबून बस दिसली तशा त्या उठल्या. "पण दुसरं टेबल घ्या."

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"काय झालं?"

"जेवण चांगलं होतं."

"जेवणाचं विचारलं का मी? बाई काय म्हणाल्या?"

"दुसरं टेबल घ्या म्हणाल्या."

"म्हणजे? हो का नाही?"

"म्हणजे दुसरं टेबल, ताई."

"तू काहीतरी बोललास," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून बसलास, आणि नेमकं आजच बोललास." मास्तरांनी नाही म्हटलं नाही. ताईनं फोन ठेवला, आणि लगेच परत लावला, "जेवलास का?" विचारायला.

सोमवारी पोतं आलं. दुपारपासून दरबारही भरला. कोपर टेकून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमचा एकबाजूवाला काय म्हणतो? भरली का त्याची खुर्ची?" बाकीचे हसायच्या तयारीत उभे राहिले. मास्तर शर्टाची बटणं लावत होते.

"तो नाही आता येत," ते म्हणाले.

"का? मेला की काय?"

"त्याचं त्याला माहीत. परवा या, संध्याकाळी."

"मग दुसरं काहीतरी सांगा. त्या नकाशावाल्याचं?"

"कपडे फार आहेत आज."

माणसं जरा वेळ थांबली, मग गेली. मंगळवारी कमी आली, पुढच्या सोमवारी त्याहून कमी. मास्तरांना ते दिसत होतं. बोचकी ते अजूनही एकेक सोडायचे, डाग बघायचे, थंड पाणी सोडायचे. कापडावर अजूनही सगळं लिहिलेलं असायचं. ते वाचायचे आणि धुऊन टाकायचे. शटर ओढल्यावरचा वेळ पूर्वीसारखाच लांब झाला. आता तर दुकान उघडं असतानाही तो सुरू व्हायला लागला.

मधले रविवार त्यांनी घरी काढले. एका रविवारी मात्र सकाळी उठून साधा, खळ न दिलेला शर्ट घातला आणि बस पकडली.

मॅनेजरनं त्यांना पाहिलं, अंजिराकडे पाहिलं, आणि कुंपणाजवळच्या चौकोनी टेबलाकडे हात केला. हॉटेल चालवणाऱ्या माणसाला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. बाई आपल्या जागी होत्या, चष्मा लावून काहीतरी वाचत. समोर खुर्ची, खुर्चीपुढे नॅपकिन. त्यांनी वर पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर मास्तर तेव्हा मान खाली घालून बसत होते.

"कोणी येणार आहे का, मास्तर?" मॅनेजरनं विचारलं. विचारताना त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"नाही."

"मग ही खुर्ची... तिकडे सहा जण आलेत."

"घेऊन जा."

खुर्ची गेली. मास्तरांच्या समोर कुंपण आणि त्यापलीकडे शेत उरलं. हात कुठं ठेवायचे ते कळेना. सगळी बाग आपल्याकडेच बघतेय असं वाटलं. खरं तर कोणीही बघत नव्हतं, आणि तेही बरं वाटेना. त्यांनी कोंबडी मागवली, बटाटे मागवले, मान वर न करता खाल्ले. मधूनच बाईंच्या टेबलाकडून काटा बशीला लागल्याचा आवाज येई, तेव्हा तेही आपला काटा उचलत. शेवटी कस्टर्ड आलं. ते संपत आलं तेव्हा खडीवर पावलं वाजली.

बाई बाहेर निघाल्या होत्या. फाटकाची वाट या टेबलाजवळून जात नव्हती. थोडी वाकडी करावी लागत होती. त्या थांबल्या. पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"सूप आज खारट होतं, नाही?"

मास्तर उठायला गेले, गुडघा टेबलाला लागला. "हो," ते म्हणाले. "जरा जास्तच."

"मला वाटलं मलाच लागतंय."

"नाही, नाही. होतंच खारट."

बाईंनी मान हलवली आणि त्या फाटकाकडे गेल्या. बसची वेळ झाली होती.

मास्तर बसले. त्यांनी सूप घेतलंच नव्हतं. त्यांनी मॅनेजरला हाक मारली.

"एक सूप आण."

"आत्ता? मास्तर, गोड झालं की तुमचं!"

"असू दे. आण."

वाडगा आला. वाफ होती अजून. रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, आणि मग ती निघाल्याचा. मास्तरांनी चमचा भरला, फुंकला, तोंडात घातला. खारट होतं, अगदी बाई म्हणाल्या तसं. त्यांनी पाव मोडला आणि सावकाश सगळं संपवलं.